खंडाळ्याचा घाट इंग्रजांनी फोडला का?

प्रश्न : आम्ही हैदराबादच्या काचीगुड्याचे. सोलापूर-पुण्यावरून मुंबईला जाताना खंडाळा आला की वडील हमखास सांगतात, 'हा घाट इंग्रजांनी तोफांसाठी फोडला.' हे खरं का?

उत्तर : निम्मं खरं. तोफांची गोष्ट बरोबर आहे, पण वाट इंग्रजांच्या कितीतरी आधीची.

आधी उंची पाहू. हैदराबाद समुद्रसपाटीपासून साधारण 540 मीटरवर, पुणे 560 वर. म्हणजे साडेपाचशे किलोमीटर येऊनही तुम्ही जवळपास तिथेच! सगळा उतार खंडाळा ते खोपोली एवढ्यातच साठवलेला. कोकणातून देशावर यायला ही पायरी चढावीच लागे, म्हणून हा खंडाळ्याचा घाट, म्हणजेच बोरघाट, प्राचीन काळापासून वापरात. कार्ले-भाज्याची लेणी आणि राजमाचीचा किल्ला याच वाटेच्या आसऱ्याने उभे राहिले.

मात्र ती वाट पाठीवर गोणी घेतलेल्या बैलांची. बैल चढतो, तोफ चढत नाही. 1778 च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज पुण्याकडे निघाली, तेव्हा तिच्यासोबत सुमारे 19 हजार बैल होते. तोफा घाटावर आणता आणता आठवडे गेले, मराठ्यांना तयारीला वेळ मिळाला. शेवटी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून फौज मागे फिरली आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला नमली.

पुढे 1803 मध्ये वेलस्ली (वॉटर्लूवाला तोच) पुण्यात आला. त्याला मुंबईहून रसद हवी होती, म्हणून 1804 मध्ये त्याने तोफा जातील अशी वाट करवून घेतली. पण 'लष्करी रस्ता' म्हटलं की आपल्याला डांबरी सडक दिसते, तसं काही नव्हतं. 1825 मध्ये इंग्रज बिशप हेबर इथून गेला, तेव्हाही भरलेली गाडी घाटात मोठ्या कष्टानेच चढे, सामान बैलांवर नाहीतर घोड्यांवर. चाकांना खरी वाट मिळाली ती 10 नोव्हेंबर 1830 रोजी, गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत.

घाटातला अमृतांजन पूल त्याच वर्षीचा. कुणी त्याला रेल्वेचा पूल म्हणत, पण घाटातून आगगाडी धावली ती 1863 मध्ये. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, पूल पाडला.

जुन्या रस्त्याने गेलात तर शिंग्रोबाच्या देवळाशी वडिलांना थांबवा. इंग्रजांना घाटाची वाट या धनगराने दाखवली म्हणतात. दंतकथाच ती, पण वाट आधीपासून होती हे तिलाही मान्य आहे.