अली बनात यांची ‘देणगी’ आणि निरोगी माणसांची जबाबदारी



ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात राहणारे अली बनात हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या, विशेषतः आपल्या तरुण मुलामुलींच्या, परिचयाचे असेल. 29 मे 2018 रोजी, हिजरी 1439 च्या रमजान महिन्यात, त्यांचे निधन झाले. त्यांनी अद्याप वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. अल्लाह त्यांच्यावर दया करो व त्यांची कबर प्रकाशाने भरून टाको.

अली हे यशस्वी व्यावसायिक होते. उंची मोटारी, किमती घड्याळे, नामांकित कंपन्यांचे कपडे आणि पादत्राणे, सारे काही त्यांच्यापाशी होते. 2015 साली त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. रोग शरीरात पसरलेला होता आणि डॉक्टरांनी सुमारे सात महिन्यांची मुदत सांगितली होती. त्यानंतर त्यांची एक मुलाखत चित्रित झाली आणि ती जगभरच्या मुसलमानांनी पाहिली. तीत त्यांनी आपल्या आजाराला अल्लाहची देणगी म्हटले. या आजारामुळे स्वतःला बदलण्याची संधी मिळाली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

ते केवळ बोलून थांबले नाहीत. त्यांनी व्यवसायातून अंग काढून घेतले आणि किमती वस्तू वाटून टाकल्या. कबरस्तानात गेले असता त्यांच्या मनात एक विचार आला होता: माणूस मातीत उतरला की आईवडील, मित्र, पैसा यांपैकी कोणीही सोबत राहत नाही, राहतात ती फक्त कर्मे. या विचारातून त्यांनी ‘मुस्लिम्स अराउंड द वर्ल्ड’ ही सेवासंस्था उभी केली. पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशात विधवा, अनाथ मुले आणि गरीब वस्त्या यांच्यासाठी काम सुरू झाले. स्वतः आजारी असतानाही ते तेथे गेले. सात महिन्यांची मुदत अल्लाहच्या इच्छेने जवळजवळ तीन वर्षांपर्यंत लांबली. संस्थेचे काम त्यांच्या मृत्यूनंतरही चालू आहे.

ही हकीकत आपल्या मजलिसींत आणि घराघरांतील मोबाईलवर वारंवार सांगितली जाते. ती सांगावी अशीच आहे. परंतु ती कोणाला सांगावी आणि कशासाठी सांगावी, याचा विचार आपण फारसा करत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

देणगी कोणी म्हणावे?

कल्पना करा. एका घरात वीस वर्षांची मुलगी कर्करोगाने आजारी आहे. केमोथेरपीने केस गेले आहेत, अन्न पोटात ठरत नाही, कॉलेज सुटले आहे. भेटीला आलेले एक गृहस्थ तिला म्हणतात, “बेटा, रडू नकोस. हा आजार तर अल्लाहची देणगी आहे. अली बनात यांचे उदाहरण पाहा.” मुलगी मान खाली घालते. गृहस्थ चहा घेऊन निघून जातात. आता त्या मुलीच्या मनावर आजाराबरोबर आणखी एक ओझे येते. मला हे देणगीसारखे वाटत नाही, म्हणजे माझे ईमानच कमकुवत आहे की काय?

त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. शब्दही मुळात खोटा नव्हता. चूक होती ती शब्दाच्या मालकीची. अली यांनी तो शब्द स्वतःच्या आजाराविषयी उच्चारला होता आणि त्याची किंमत स्वतःच्या देहाने मोजली होती. निरोगी माणसाने तोच शब्द उचलून दुसऱ्याच्या आजारावर ठेवला की त्याचा अर्थ बदलतो. आपल्या भाषेत म्हणतात ना, ज्याचे जळते त्याला कळते.

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये एका स्त्रीची हकीकत आली आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी आपले शिष्य अता बिन अबी रबाह (रह.) यांना ती स्त्री दाखवून, ही जन्नतवासी आहे, असे सांगितले होते. ती वर्णाने काळी होती आणि तिला फेफरे येत असे. तिने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन दुआची विनंती केली. झटका आला की अंगावरचे वस्त्र सरकते, हे दुःखही तिने सांगितले. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले. तिने इच्छिले तर सब्र करावा, त्याबद्दल जन्नत आहे. तिने इच्छिले तर बरे वाटावे म्हणून ते दुआ करतील. तिने सब्र निवडला. मात्र त्याच वेळी, झटका आला तरी देह उघडा पडू नये, एवढी दुआ तिने मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती केली.

या हदीसमधील दोन गोष्टी नीट पाहा. पहिली गोष्ट अशी की, प्रेषितांनी (स.) तिच्यावर सब्र लादला नाही. आजार तिचा होता, म्हणून निवडही तिचीच ठेवली. बरे होण्याची इच्छा धरणे हे त्यांनी कमीपणाचे मानले असते, तर दुसरा मार्ग तिच्यापुढे ठेवलाच नसता. दुसरी गोष्ट, जन्नतची शुभवार्ता मिळूनही तिला आपल्या लज्जेची काळजी होती आणि त्या काळजीची दखल घेतली गेली. आजारी माणसाचा आत्मसन्मान ही दुय्यम बाब नव्हे. खोलीचा पडदा, अंगावरची चादर, आजाराची माहिती चार लोकांत न पसरवणे, ही सारी त्या दुआचीच आजची रूपे आहेत.

वेदना सांगणे म्हणजे बेसब्री नव्हे

आपल्याकडे सब्र या शब्दाचा अर्थ ‘तोंडातून हूं की चूं न काढणे’ असा घेतला जातो. कुरआन असे शिकवत नाही. हजरत अय्यूब (अलै.) हे तर सब्राचे प्रतीक. सूरह अंबियामध्ये त्यांची दुआ आली आहे. तीत ते आपल्याला पीडा जडल्याचे आपल्या पालनकर्त्याला स्पष्ट सांगतात आणि त्याच्या दयेचा आसरा घेतात. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अलै.) आपले दुःख अल्लाहपुढे मांडतात. पुत्रविरहाने त्यांचे डोळे पांढरे झाले होते. तरीही अल्लाहने त्यांना बेसब्र म्हटलेले नाही.

खुद्द प्रेषितांना (स.) तीव्र ताप येत असे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी त्यांना तापाने फणफणलेले पाहिले, तेव्हा आपल्याला दोन माणसांएवढा ताप येतो, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. हजरत आयशा (रजि.) यांनी एकदा डोके दुखत असल्याची तक्रार केली, तेव्हा आपलेही डोके दुखत आहे, असे ते म्हणाले. या रिवायती सहीह बुखारीत आहेत. वेदना आहे असे म्हणणे आणि अल्लाहच्या निर्णयावर रुष्ट होणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली मानवी आहे. मनाई आहे ती दुसरीची.

म्हणून आईवडिलांनो, आजारी मूल रडले तर त्याला रडू द्या. मलाच का, असे त्याने विचारले तर त्याच्या तोंडावर हात ठेवू नका. जवळ बसा आणि ऐकून घ्या.

इयादतीची पद्धत

मग निरोगी माणसाने करावे तरी काय? याचे उत्तर सुन्नतमध्ये आहे. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत अत्यवस्थ झाले होते. आपण आता वाचत नाही, असे त्यांना वाटत होते. प्रेषित (स.) त्यांच्या भेटीला आले. त्यांनी सअद यांच्या कपाळावर हात ठेवला, चेहऱ्यावरून आणि पोटावरून हात फिरवला आणि सअद बरे व्हावेत म्हणून दुआ केली. त्या हाताचा गारवा सअद (रजि.) यांना पुढे कैक वर्षांनीही काळजात जाणवत असे.  उपदेशाबरोबर कपाळावर हातही आला.

उपदेशही कोणता झाला? सअद (रजि.) यांची इच्छा आपली बहुतेक सर्व संपत्ती दान करण्याची होती. प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशाची मर्यादा घालून दिली आणि तेही पुष्कळ असल्याचे सांगितले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लागण्यापेक्षा त्यांना संपन्न स्थितीत सोडून जाणे बरे, असे त्यांनी समजावले. अली बनात यांच्या दानाने भारावलेल्या वाचकाने ही मर्यादाही ध्यानात ठेवावी. मरणासन्न आजारातील दानाला शरीअतने सीमा आखली आहे आणि कुटुंबाचा हक्क बुडवून पुण्य मिळत नाही. अशा प्रसंगी जाणकार आलिमांना विचारूनच निर्णय घ्यावा.

सअद (रजि.) त्या आजारातून उठले. कादिसियाच्या लढाईत मुसलमानांच्या सैन्याचे नेतृत्व त्यांनीच केले आणि पुढे कित्येक वर्षे ते जगले. तेव्हा कोणाच्या आयुष्याची मोजदाद आपण करू नये. डॉक्टरांचा अंदाज हा अंदाज असतो. मुदत अल्लाहपाशी असते.

याचा अर्थ उपचार सोडून बसावे असा मात्र मुळीच नाही. सुनन अबू दाऊद व तिर्मिजीतील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) औषधोपचार करण्याची आज्ञा दिली आणि वार्धक्य वगळता प्रत्येक रोगावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, असे सांगितले. त्यामुळे ‘देणगी’ या शब्दाच्या आड उपचारात दिरंगाई करणे सुन्नतच्या विरुद्ध आहे. मुलीच्या लग्नाला अडचण येईल म्हणून तिचा आजार लपवणे आणि त्यापायी तपासणी लांबवणे हा तर तिच्यावर उघड अन्याय आहे.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक राहण्याजेवणाच्या विवंचनेत असतात. अशा कुटुंबाला डबा पोहोचवणे, रात्री रुग्णाजवळ थांबणे, मागे गावात राहिलेल्या लहान मुलांकडे पाहणे, रक्ताची गरज लागली तर पुढे होणे, हे सर्व इयादतीतच मोडते. सहीह मुस्लिममधील एका हदीसे-कुदसीनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला जाब विचारील की, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. बंदा चकित होईल. तेव्हा त्याला सांगितले जाईल की, माझा अमुक बंदा आजारी होता. तू गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशी सापडलो असतो.

ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नाही

आणखी एक शंका मनात येते. अली यांच्यापाशी संपत्ती होती, ती त्यांनी दिली. पण जो तरुण मजुरीवर जगत होता आणि आता डायलिसिसवर आहे, त्याने काय द्यावे? ज्या मुलीला आता उठून वुजूही करता येत नाही, तिच्या खात्यात काय जमा होणार?

हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी सांगितलेली व सहीह बुखारीत आलेली हदीस अशा सर्वांसाठी मोठा आधार आहे. बंदा आजारी पडतो किंवा प्रवासात असतो, तेव्हा निरोगी असताना व घरी असताना तो जी कर्मे करत असे, तशीच त्याच्या नावे लिहिली जातात. म्हणजे, जी मुलगी निरोगी असताना तहज्जुदला उठत असे, तिची ती रात्र अल्लाहच्या दप्तरात कोरी राहत नाही. जो मुलगा शेजारच्या म्हाताऱ्यांना रोज पाणी भरून देत असे, त्याची ती घागर आजही भरली जात आहे. कोणत्याही आजारी मुलाची तुलना अली बनात यांच्याशी करू नका. बसून, पडून, केवळ इशाऱ्याने नमाज पढणाऱ्या त्या मुलाचा हिशेब अल्लाह वेगळा ठेवतो.

ही हकीकत कोणासाठी?

तर मग अली बनात यांची हकीकत सांगावी कोणाला? ती सांगावी निरोगी माणसांना. आजारी माणसाने स्वतःहून तिच्यात धीर शोधला तर उत्तमच. परंतु तिचा खरा श्रोता तो तरुण आहे, ज्याचे रिपोर्ट अजून स्वच्छ आहेत. दोन देणग्यांच्या बाबतीत बहुतेक लोक फसतात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे: आरोग्य आणि फुरसत. कर्करोगाला देणगी म्हणणाऱ्या माणसाची हकीकत आपण ऐकतो, डोळे पुसतो; आणि आपल्याला मिळालेल्या आरोग्याला मात्र देणगी म्हणायचे विसरतो. अली यांना जे आजाराने दाखवले, ते आपल्याला निरोगीपणीच दिसू शकते. फज्रला उठणारे पाय शाबूत आहेत, जकात मोजणारे हात शाबूत आहेत, आईची क्षमा मागणारी जीभ शाबूत आहे.

या महिन्यात प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात. आपल्या नात्यात वा मोहल्ल्यात दीर्घ आजारी असलेल्या एका व्यक्तीकडे जावे. थोडा वेळ बसावे, कमी बोलावे आणि निघताना, आपल्याकडून काय मदत होईल, हे विचारावे. घरातील जे तरुण मूल आजाराने अल्लाहकडे गेले असेल, त्याच्या नावे शक्य तेवढे छोटे का होईना, टिकणारे दान करावे. मशिदीतील पाण्याची सोय, एखाद्या विद्यार्थ्याची पुस्तके. आणि त्या मुलाची आठवण काढताना केवळ त्याचे शेवटचे दिवस न आठवता तो कसा हसत असे, कोणाच्या उपयोगी पडत असे, हेही धाकट्या भावंडांना सांगावे. त्याचा आजार हा त्याच्या आयुष्याचा एक भाग होता. ते त्याचे संपूर्ण आयुष्य नव्हते.

हे अल्लाह! आमच्या आजारी मुलांना पूर्ण आरोग्य दे. त्यांच्या वेदना हलक्या कर आणि त्या त्यांच्या गुनाहांची माफी ठरव. त्यांच्या आईवडिलांना बळ दे. जे तुझ्याकडे आले त्यांना जन्नतमध्ये उच्च स्थान दे. आणि आम्हा निरोगी लोकांना, आरोग्य जाण्यापूर्वी, त्याची किंमत कळू दे. आमीन.