फोनची हाक आणि पुंडलिकाची वीट

मागल्या एकादशीला कीर्तन आटोपून आम्ही उपरण्याची घडी करीत होतो, तो एक मध्यमवयीन माळकरी जवळ आला नि म्हणाला, "महाराज, फोन बंद करून बसा असं आपण सांगता, ते पटतं. पण घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे. फोन बंद केला तर जीव तिकडं, चालू ठेवला तर कान तिकडं. मग बसावं कसं?" आम्हांला तेथल्या तेथे उत्तर सुचले नाही, प्रसाद घेऊन जा, एवढेच म्हणालो. ते राहिलेले उत्तर आज लिहीत आहोत. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, आणि खरे सांगायचे तर आमचाही आहे.

हे यंत्र काही फार जुने नव्हे. आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले नि दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ऐकले. त्या काळी आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. पुढे २००३ साली येणारा फोन फुकट झाला. पैसे पडत होते तोवर घंटा वाजली की माणूस क्षणभर तरी थांबे, घ्यावा की न घ्यावा असा विचार करी. फुकट झाल्यावर तो क्षण गेला. आता फोन वाजला रे वाजला की हात आपोआप खिशात जातो. पण फुकट म्हणजे काही लागत नाही असे नव्हे. पैसा लागत नाही, मन लागते.

पाठशाळेत न्यायशास्त्राच्या आरंभीच आम्हांकडून घोकून घेतले होते की मन अणु आहे, म्हणून एका क्षणी दोन ज्ञाने होत नाहीत. मग एकाच वेळी ऐकतो आणि पाहतोही, असे वाटते ते कसे? त्याला शास्त्रकार कमळाच्या शंभर पाकळ्यांचा दृष्टांत देतात. पाकळ्यांची चळत सुईने भोसकली तर सगळ्या एकदम भेदल्या असे भासते. वास्तविक सुई एकेका पाकळीतूनच जाते, तिचा वेग तेवढा ध्यानात येत नाही. कोणी म्हणेल, "अहो, आम्ही फोन घेत नाही, नुसता कोणाचा आहे ते बघतो." बघा खुशाल. पण जेवढा वेळ नाव बघितले तेवढा वेळ अभंगाचे चरण कानावर पडले, मनात गेले नाहीत. आणि नाव बघून झाल्यावरही मन लगेच परत येत नाही. त्याने का बरे केला असेल, जागेचा व्यवहार फिसकटला की काय, अशी दहा घरे फिरून ते येते. तोवर प्रमाण संपून दुसरे सुरू झालेले असते.

आता पुंडलिकाकडे येऊ. कथा आपणांस नवी नाही, पण या प्रश्नाच्या उजेडात ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. दारी प्रत्यक्ष भगवंत, आत आईबापांची सेवा चाललेली. पुंडलिक उठून धावला नाही, आणि हाक ऐकलीच नाही असेही दाखविले नाही. त्याने वीट पुढे टाकली नि हातची सेवा होईस्तोवर तीवर उभे राहण्यास विनविले. याच्या शेजारी कालिदासाची शकुंतला ठेवा. तिच्याही दारी हाक आली, दुर्वासांची. तीही उठली नाही. दोघांनीही हातचे सोडून ओ दिली नाही. मग एकाच्या दारी देव कायमचा उभा राहिला नि दुसरीला शाप का मिळाला? शकुंतलेचे मन दुष्यंतापाशी गेलेले, म्हणून हाक तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही. पुंडलिकाने हाक ऐकली, हातातले काम नि दारचा पाहुणा दोन्ही तोलून पाहिले आणि पाहुण्याला थांबायला जागा दिली. (दुर्वासांचा कोप जरा जास्तच, हे आम्हांसही मान्य आहे. पण दोनदा फोन उचलला नाही म्हणून लग्नपत्रिकेवरून नाव गाळणारे सोयरे आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यापुढे दुर्वास बरे.)

आजच्या फोनात ही वीट आयती मिळते. आलेला फोन न उचलता, "आता कामात आहे, मागाहून करतो" असा तयार निरोप एका बोटाने धाडता येतो. शब्द आपल्याला हवे तसे लिहूनही ठेवता येतात. आम्ही आमच्या फोनात "कीर्तनात आहे, दहानंतर फोन करतो" असे घालून घेतले आहे. मात्र एवढे ध्यानात ठेवावे की वीट टाकली म्हणजे आपण बांधले गेलो. दहा म्हटले तर दहाला फोन झाला पाहिजे. नाहीतर पुढच्या खेपेस विटेवर कोणी उभे राहत नाही, सारखी घंटा वाजवीत राहतो, आणि दोष त्याचा नसतो.

हे शहाणपण आम्हांस पोथीतून आले असे कोणी समजू नये. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्यांच्या पायाशी आम्ही व्याकरण शिकलो ते गुरुजी अंथरुणावर होते. वय नव्वदीला टेकलेले, बोलणे फार थोडे. आम्ही भेटीस गेलो. तासभर नुसते पाय चेपीत बसलो. मग त्यांनी डोळे उघडले, आम्हांस ओळखले, आणि "एक सांगायचं राहिलंय," असे म्हणून आमचा हात धरला. इतक्यात खिशात फोन वाजला. आम्ही नाव पाहिले. एका मोठ्या सप्ताहाचे चालक होते. पुढल्या वर्षीच्या काल्याची तारीख पक्की करायची होती. आम्ही गुरुजींचा हात सोडवून ओसरीवर गेलो. चार-पाच मिनिटे लागली असतील. परत आलो तो गुरुजींना झोप लागली होती. संध्याकाळपर्यंत बसलो, मग एस.टी.ची वेळ झाली. नवव्या दिवशी ते गेले. काय सांगायचे होते ते आम्हांस कधीच कळणार नाही. ती तारीख मात्र मिळाली, आणि त्या दिवशी पाऊस येऊन कीर्तन अर्धेच झाले.

त्यानंतर आम्ही कडक झालो. फार कडक. नारदाच्या गादीवर उभे राहिलो की प्रथम "फोन बंद" असा हुकूम, आणि मधे कोणाचा वाजला तर भर सभेत टोमणा. लोक हसत. आम्हांस वाटे, शिस्त लागते आहे. तीन वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात सातव्या दिवशी चिंतन रंगात आले होते. मागल्या ओळीतल्या एका टाळकऱ्याचा फोन वाजला. त्याने पाहिला, टाळ शेजारच्याच्या गळ्यात घातले, वाकून नमस्कार केला नि निघाला. आम्ही गादीवरून म्हणालो, "जा बाबा, विठ्ठलापेक्षा मोठा साहेब बोलावतोय." मंडप खदखदला. कीर्तन संपल्यावर कळले की वस्तीवर त्याच्या म्हातारीला श्वास लागला होता, शेजारणीने फोन केला होता, आणि त्या वस्तीवर जीप एवढी याचीच. त्याने तिला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविले. आणखी उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो आम्हांस काही बोलला नाही, उलट पाया पडू लागला. ते अधिकच लागले. पुन्हा पाहा, त्याने टाळ खाली टाकले नव्हते, दुसऱ्याच्या गळ्यात घालून तो गेला होता. सप्ताहात वीणा जमिनीवर ठेवीत नाहीत, दुसऱ्याच्या हाती देऊन मगच पहारेकरी हलतो. त्याने तीच मर्यादा पाळली. चुकलो ते आम्ही.

तेव्हा फोन सदा घ्यावा हे एक टोक, सदा बंद ठेवावा हे दुसरे. दोन्हींत विचार करावा लागत नाही, म्हणून दोन्ही सोपी. मधली वाट माउलींच्या पालखी सोहळ्याने आपल्याला केव्हाच दाखवून ठेवली आहे. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदाराने दंड उंचावला की एवढा समुदाय एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. चोपदार तिकडे जातो, तिचे ऐकून घेतो, आणि मग पुढचे कार्य चालते. तेथे शांतता आहे आणि गरजवंताला वाटही आहे. उलट बाकीचे गप्प असतात म्हणूनच त्याचे टाळ ऐकू येतात.

हीच सोय फोनात आहे, फार थोड्यांस ठाऊक असते. 'डू नॉट डिस्टर्ब' नावाची कळ चालू केली की फोन मुका होतो. पण ठरवून दिलेल्या चार-दोन माणसांचा फोन मात्र वाजू द्यावा, असे त्याला सांगता येते. शिवाय तोच माणूस थोड्या मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करील तर वाजू दे, असेही सांगता येते; काही फोनांत ही मुदत तीन मिनिटांची, काहींत पंधरा. म्हणजे टाळ वाजवीत राहणारी दिंडी ती हीच. घरी सांगून ठेवावे, खरी निकड असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा, नाहीतर एकदाच करून सोडा. नातवाकडून पाच मिनिटांत हे लावून घ्यावे; आम्हीही तसेच घेतले.

राहिला प्रश्न निकड कशाला म्हणावे हा. मीमांसक कर्माचे नित्य, नैमित्तिक, काम्य, निषिद्ध असे भेद करतात, ते येथे चपखल बसतात. मुलीचा रोजचा ख्यालीखुशालीचा फोन नित्य. त्याला वेळ बांधून द्यावी, म्हणजे तिलाही वाट पाहावी लागत नाही. आजार, अपघात, मयत हे नैमित्तिक. ग्रहण लागल्यावर स्नान उद्यावर टाकता येत नाही, तसे हे, ज्या क्षणी आले त्या क्षणी घ्यायचे. तारखा, व्यवहार, सोयरिकी ही काम्ये; ती दोन तासांनी बिघडत नाहीत. आमच्या गुरुजींपाशी वाजला तो फोन काम्य होता आणि आम्ही तो नैमित्तिकासारखा घेतला. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येतात. १९०९ वर कळवून ते बंद करता येतात. निषिद्ध ते, ज्यांत पोलिसाच्या वेषातला माणूस घरातच 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगतो नि पैसे मागतो. अशी अटक कायद्यात नाहीच. तो फोन तत्काळ ठेवावा. पैसे गेलेच असतील तर लाज न धरता १९३० वर कळवावे. आणि मोटारसायकल चालविताना कानाखांद्यात फोन धरणाऱ्यास आम्ही काय सांगावे? वीट टाकायलाही त्याचा हात मोकळा नसतो. त्याने गाडी आधी कडेला घ्यावी.

त्या माळकऱ्यास आमचे सांगणे असे. आईपाशी कोणी असेल त्याचा एक क्रमांक उघडा ठेवा, बाकी सारे मुके करा, फोन थरथरण्यावर ठेवून बंडीच्या खिशात घाला, आणि मंडपात कडेला, वाटेजवळ बसा. मग बेलाशक अभंगात जा. फोन थरथरला तर उठा, कोणाची परवानगी मागू नका.

यंदा त्या गावी आम्ही पुन्हा सप्ताहाला गेलो. गादीवर उभे राहताना हुकूम सोडला नाही. ज्यांच्या घरी दुखणेबाणे आहे त्यांनी कडेला बसावे, एवढेच सांगितले. सहा-सात जण उठून कडेला जाऊन बसले. तो जीपवाला टाळकरी ओळीच्या शेवटी उभा होता. म्हातारी आता बरी आहे, असे त्याने टाळ न थांबविता मानेनेच आम्हांस खुणावले.