हाताला विचारून पेन घ्या

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांमधली मुले हात दुखण्याबद्दल बोलू लागली. 9 पेपर, प्रत्येक पेपर 3 तासांचा. वर्षानुवर्षे गोल काळे करायला सरावलेल्या बोटांना आता पानेच्या पाने भरायची आहेत. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो, निवृत्तीनंतर नांदेडला राहतो आणि या मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासून देतो. पहिल्या चार पानांचे अक्षर आणि शेवटच्या चार पानांचे अक्षर एकाच माणसाचे आहे, यावर विश्वास बसू नये अशा त्या वह्या असतात. पान उलटून पाठीमागून बोट फिरवले की दाबून लिहिलेली अक्षरे हाताला लागतात. "सर, दोन तासांनंतर अंगठाच हलंना झालाय," असे एका मुलीने मला सांगितले, तेव्हा तिच्या मधल्या बोटावर घट्टा पडलेला होता.

यात मुलांचा दोष नाही. बॉल पेनमधली शाई तेलकट आणि घट्ट असते. टोकाची गोळी फिरावी म्हणून पेन दाबावा लागतो, बराच उभा धरावा लागतो. एखाद्या अर्जापुरते हे चालून जाते, तीन तास चालत नाही. शाईच्या पेनातली शाई पाण्यासारखी पातळ असते. निबेतली बारीक चीर आणि तिच्याखालची खाचांची जीभ यांतून ती केशाकर्षणाने टोकाशी येते आणि निब कागदाला टेकताच उतरते. त्याला पेनाचे स्वतःचे वजन पुरते, हाताने जोर लावायचा नसतो. म्हणून ज्यांना भरपूर लिहायचे आहे त्यांनी शाईच्या पेनाकडे वळावे, असे मी मनापासून सांगतो. पण कोणताही शाईचा पेन घेतला की हात सुटला असे होत नाही. ते मला माझ्या अंगठ्याने शिकवले.

निरोपसमारंभात शाल-श्रीफळाबरोबर मला एक शाईचा पेन मिळाला होता. पितळी बॉडी, वर चकचकीत मुलामा, मखमली डबी. देणाऱ्यांचा जीव त्यात होता, म्हणून रोजचे सगळे लिखाण मी त्यानेच करत गेलो. काही महिन्यांत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. चहाचा कप उचलतानाही कळ यायची. अस्थिरोगतज्ज्ञांनी अंगठ्याला पट्टा दिला आणि म्हणाले, "सर, पेन कसा धरता ते दाखवा." मी दाखवला. त्यांनी तो हातात तोलला आणि टेबलावर ठेवला. "हा सत्काराला ठीक आहे. लिहायला हलका घ्या." पुढे ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तो ठेवला, तर टोपण मागे लावून 45 ग्रॅमच्या घरात भरला. साधा प्लास्टिकचा पेन 15 ते 20 ग्रॅमचा असतो. वजनाइतकीच त्याची पकडही त्रासाची होती. बोटे टेकतात तो भाग गुळगुळीत धातूचा आणि बारीक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांपलीकडे जातो, तळहात घामेजलेले असतात. बोट निसटते, निसटू नये म्हणून आपण पेन आवळतो आणि त्या आवळण्यानेच अंगठा धरतो.

तेव्हा दुकानात आधी टोपण बाजूला ठेवून पेन हातात धरा. बोटांखालचा भाग शाळेच्या पेन्सिलीपेक्षा चांगला जाड, 10 ते 11 मिलिमीटरचा असला तर बहुतेकांच्या बोटांना आराम पडतो. तो प्लास्टिकचा किंवा रबरी असावा. टोपणाचे आटे नेमके बोटाखाली येत असतील तर तो पेन परत ठेवा, दहाव्या पानाला ते रुतायला लागतात. जर्मनीच्या लॅमी सफारीसारख्या काही पेनांना तिधारी पकड असते. ज्याची धरण्याची पद्धत तिच्याशी जुळते त्याला ती लाभते, ज्याची जुळत नाही त्याला ती छळते. हे दुसऱ्याच्या शिफारशीवरून ठरवता येत नाही. टोपण मागे खोचून लिहिण्याची सवय असेल तर खोचल्यावर पेनाचा तोल मागे जातो का, तेही तिथेच पाहा.

आता निब, आणि इथे मला जरा जास्त बोलायचे आहे. पेनांविषयी जे सल्ले ऐकायला मिळतात ते बहुतेक रोमन अक्षरांसाठी असतात. इंग्रजीला मध्यम जाडीची निब छान वाहते. तीच निब मराठीला घेतली की 'क'चे पोट भरते, 'ळ'ची दोन्ही वेटोळी बुजतात, 'द्ध' आणि 'द्व' सारखेच दिसू लागतात. तपासणाऱ्याला अक्षर ओळखावे लागणे, हे परीक्षेत परवडणारे नाही. देवनागरीला बारीक निब घ्या, पाकिटावर किंवा निबेवर 'एफ' असते ती. यात एक खुबी लक्षात ठेवा: जपानी 'एफ' युरोपीय 'एफ'पेक्षा बारीक लिहिते. फार बारीक निब मात्र स्वस्त कागदाला खरवडते.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. आपण प्रत्येक शब्दावर रेघ ओढतो, म्हणजे शब्दागणिक पेन उचलतो आणि पुन्हा टेकवतो. मोडी लिहिणारे आधी पानभर शिरोरेषा आखून घेत आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जात. त्यांचा वेग त्यातून आला होता. आपल्याला ती सोय नाही. त्यामुळे आपला पेन टेकताक्षणी लिहायला लागला पाहिजे. काही निबांचे टोक कारखान्यात गरजेपेक्षा जास्त घासलेले असते. त्या कागदावर लोण्यासारख्या फिरतात, पण प्रत्येक ओळीत पहिली रेघ कोरी सोडतात. रोमन जोडअक्षरात लिहिणाऱ्याला ते फारसे जाणवत नाही, आपल्याला पानभर छळते.

हे सगळे तपासायला एक अक्षर पुरते. आपली वही सोबत न्या आणि दुकानात त्या वहीवर, जोर न लावता, 'ळ' सलग काढत राहा. त्यात निब वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी सगळीकडे फिरते. एकाच दिशेला खरखर झाली तर निबेच्या दोन फाकी वरखाली आहेत. घड्याळजीच्या भिंगातून पाहिले तर ते दिसतेही. मग वाक्य लिहा आणि शिरोरेषा द्या. दुकानदार पुढे करतो तो गुळगुळीत कागद बाजूला ठेवा, त्याच्यावर कोणतीही निब चांगलीच वाटते. नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईभोवती स्टेशनरीची जी जुनी दुकाने आहेत, तिथे मागितले तर पेन शाईत बुडवून लिहू देतात. जिथे लिहू देत नाहीत तिथून महाग पेन घेऊ नका.

डावखुऱ्या मुलांनी ही परीक्षा जास्तच बारकाईने करावी. डाव्या हाताने मराठी लिहिताना निब ओढली न जाता ढकलली जाते, आणि ओली शाई हाताखाली येते. नांदेडमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, तिथल्या उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांचीही निब अशीच ढकलली जाते. या दोघांना अतिबारीक निब रुतते. त्यांनी किंचित जाड, गोल टोकाची निब पाहावी, आणि शाई लवकर वाळणारी घ्यावी.

शाई भरण्याच्या दोन पद्धती नेहमी भेटतील. ड्रॉपरने थेट पोटात भरायच्या पेनात 2-3 मिलिलिटर शाई मावते, एकदा भरली की दिवसेंदिवस पाहावे लागत नाही. पण आपल्या हवेत त्याची एक खोड आहे. पेन अर्धा रिकामा झाला की आत दीड मिलिलिटरच्या आसपास हवा असते. 27 अंशांच्या खोलीतून आपण 40 अंशांच्या उन्हात गेलो, किंवा तापलेल्या तळहाताने पेन धरला, की ती हवा सुमारे 4 टक्क्यांनी फुगते आणि एका थेंबाहून जास्त शाई बाहेर लोटते. लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला जाणाऱ्या एसटीत दुपारी माझा पांढरा सदरा असाच निळा झाला आहे. ड्रॉपरचा पेन वापरायचाच असेल तर अर्ध्यावर आला की पुन्हा भरा, खिशात निब वर ठेवा आणि उघडताना थोडा वेळ उभा धरा. रोज ये-जा करणाऱ्यांना कन्व्हर्टरचा, म्हणजे फिरवून शाई ओढणाऱ्या छोट्या पंपाचा पेन बरा. त्यात पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते, म्हणजे 60 मिलिलिटरच्या एका बाटलीत तो सुमारे 80 वेळा भरतो. खर्चाचा हिशेब करणाऱ्यांनी हा आकडा रिफिलींच्या खर्चाशेजारी मांडून पाहावा. कार्ट्रिजच्या पेनाच्या वाटेला मात्र जाऊ नका, जोवर ती कार्ट्रिज तुमच्याच गावात नेहमी मिळते याची खात्री होत नाही.

शाई साधी, पाण्याची, शाईच्या पेनासाठीच बनवलेली घ्या. आपल्याला ती परकी नाही. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली आणि त्यातून कॅम्लिन उभी राहिली. आजही त्यांची शाई तालुक्याच्या गावी मिळते. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई चुकूनही पेनात घालू नका, ती वाळली की जीभ कायमची बंद होते. धुतली जाणारी निळी शाई वहीला उत्तम, पण चेक, शपथपत्र, अर्जावरची सही तिने करू नये; पाणी पडले की सही जाते.

पाण्याचे दुखणे आपल्या भागाचे खास आहे. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बोअरच्या पाण्याचा जडपणा काय असतो हे मी सांगायला नको. नळाच्या तोटीवर जसा पांढरा थर बसतो तसा तो निबेखालच्या खाचांतही बसतो आणि शाई अडते. पंधरा दिवसांतून एकदा पेन धुवा, पण शेवटचे पाणी जारचे किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड असू द्या. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही टाळा.

पेन अडला की आमच्या पिढीचे उपाय ठरलेले असत: झटकायचा, निबेच्या चिरेत ब्लेड घालायचे, नाहीतर शहाबादी फरशीवर निब घासायची. आजही मुलांना हे शिकवणारे आहेत. निबेच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी असतो, घासल्यावर तो जातो आणि खालचे मऊ पोलाद कागद फाडत राहते. ब्लेडने फाकी कायमच्या फाकतात. अडलेला पेन रात्रभर साध्या पाण्यात उभा ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतो.

पैशांचे म्हणाल तर दोन-अडीचशे रुपयांच्या आत चांगला रोजचा पेन मिळतो. देशी प्लास्टिकचा, पोलादी निबेचा, जीभ आणि निब हाताने काढता येतील असा पाहा. चीनचा हीरो 616 अनेकांच्या आठवणीतला आहे आणि हलकाही आहे, पण त्याच्या नावाने नकली माल खूप फिरतो, तेव्हा लिहून पाहिल्याशिवाय घेऊ नका. हजाराच्या पुढचे पायलट, लॅमी चांगलेच आहेत. शिकणाऱ्या मुलाने त्यांच्यासाठी घरी पैसे मागावेत असे मात्र मला वाटत नाही. त्यापेक्षा एकाच जातीचे दोन साधे पेन घ्यावेत.

हे दोन पेन परीक्षेच्या निदान दोन महिने आधी घ्या. दाबण्याची सवय एका आठवड्यात जात नाही. सुरुवातीला अक्षर बिघडेल, वेग कमी होईल, ते होऊ द्या. लातूर विभागीय मंडळाच्या लातूर, नांदेड, धाराशिव जिल्ह्यांतली दहावी-बारावीची मुलेही हे करू शकतात, फक्त दिवाळीनंतर लगेच सुरू करावे. सराव वहीसारख्याच कागदावर करा, पातळ कागदावर शाई फुटते का, मागच्या पानावर उमटते का, ते आधीच कळेल. पेपरच्या आदल्या रात्री पेन धुऊ नका, आत राहिलेल्या पाण्याने शाई फिकी होते. दोन्हींत एकच शाई काठोकाठ भरा आणि सकाळी निब सुती फडक्याने पुसून घ्या. पूर्वपरीक्षेला मात्र हे दोन्ही पेन घरी ठेवा. गोल काळे करायच्या त्या उत्तरपत्रिकेला काळ्या शाईचा बॉल पेनच लागतो.