रस्ता रुंद झाला म्हणून नागपूर जवळ येत नाही



आपल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडच्या कापड कारखान्यासह अनेक लहानमोठे उद्योग आहेत. उद्या तुमच्यापैकी काहीजण अशाच एखाद्या कचेरीत काम करतील. तेथे "सर्व्हर स्लो आहे" हे वाक्य नेहमी कानी पडते. दोष खरोखर सर्व्हरचाच असतो का, ते आज आपण पाहू.

उद्योगाचा हिशेब, साठा व बिले सांभाळणारे मोठे सॉफ्टवेअर सहसा एकाच यंत्रावर नसते. टेबलावरचा संगणक आपली मागणी अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला कळवतो. तो नियम तपासतो आणि लागणाऱ्या नोंदी डेटाबेस सर्व्हरकडून मागवतो. या सर्वांना जोडणारा रस्ता म्हणजे नेटवर्क.

रुंदी

एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते, ती बँडविड्थ. लाइन मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मेगाबाइटमध्ये. १ बाइट म्हणजे ८ बिट. १५ मेगाबाइटचा अहवाल म्हणजे १२० मेगाबिट. तो २ मेगाबिटच्या लाइनवरून यायला निदान ६० सेकंद लागतात, ८ मेगाबिटच्या लाइनवरून १५. येथे पैसे खर्चून फायदा झाला.

अंतर

आता समजा, एक बिल साठवताना अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर डेटाबेसला एकामागून एक २०० प्रश्न विचारतो. दोन्ही सर्व्हर वेगवेगळ्या शहरांत असून एका फेरीला ३० मिलिसेकंद लागतात. २०० फेऱ्यांचे झाले ६ सेकंद! प्रश्न चिमुकले असल्याने लाइन चौपट केली तरी हे सेकंद जवळपास तेवढेच राहतात. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत ठेवले आणि फेरी अर्ध्या मिलिसेकंदावर आली, तर तेच काम ०.१ सेकंदात होते.

आपल्याकडची संत्री नागपूरला नेताना एकेक पेटी घेऊन कोणी फेऱ्या मारील का? ट्रक भरूनच नेतात. चांगला प्रोग्रामरही २०० प्रश्न एकत्र बांधून पाठवतो.

१९९४ साली नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने दलालांना उपग्रहाद्वारे जोडले. असा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसेच. म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. ही वेळ कोणतीही बँडविड्थ कमी करू शकत नाही.

पालक व विश्वस्तांसाठी

संस्था असो वा दुकान, मोठ्या लाइनचे किंवा नव्या सर्व्हरचे पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: कामाच्या वेळी लाइन भरते का? एका फेरीला किती वेळ लागतो? सर्व्हरचा प्रोसेसर व डिस्क मोकळी आहे का? आजार ओळखल्याशिवाय औषध घेऊ नये.

घरचा अभ्यास

१) ४५ मेगाबाइटची फाइल ४ मेगाबिटच्या लाइनवरून यायला किमान किती सेकंद लागतील?
२) संगणक-कक्षात 'पिंग' ही आज्ञा देऊन शेजारच्या संगणकाची व दूरच्या एखाद्या सर्व्हरची फेरी मोजा. फरक वहीत लिहून आणा. वर्गात आपण त्यावर बोलू.