रंगाचा डबा आत्ताच उघडू नकोस गं

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस की रंगवाला येऊन गेला, सगळ्या घराचा मिळून एक आकडा सांगून गेला आणि दिवाळीच्या आत घर पहिल्यासारखं करून देतो म्हणाला. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बस आणि एक वही जवळ ठेव. जीव दमलाय तुझा, कळतंय मला. पण हे तुला जमणार आहे, तेवढं मनाशी धर.

खरं सांगू का, पुराच्या पाण्याने करायचं ते नुकसान केलंच. पण पाणी ओसरल्यावरच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात माणसं घाईघाईने जो पैसा ओततात, त्यातला बराचसा पुन्हा एकदा घालावा लागतो. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी ती ५५ फुटांच्या वर गेली होती. त्यानंतर ज्यांनी गणपती-दसऱ्याच्या मुहूर्तावर भिंतींना लांबी भरून रंग चढवला, त्यांच्या भिंतींचे पोपडे उन्हाळ्याआधीच हातात आले. आणि जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा ५६ फुटांवर गेली, तेव्हा कर्ज काढून केलेलं नवंकोरं फर्निचर तिच्याबरोबर गेलं. म्हणून माझं एकच सांगणं आहे. आत्ता फक्त सफाई, वीज आणि वाळवण एवढ्यावरच पैसे खर्च कर. बाकी सगळं थंडीनंतर.

भिंत वाळणं हा सगळ्यात मोठा विषय आहे, म्हणून आधी तोच घेते. पाणी जिथपर्यंत चढलं ती रेघ तुला दिसते. पण दिव्याची वात तेल ओढते तशी वीट पाणी वर ओढते, त्यामुळे ओल त्या रेघेच्या बरीच वर गेलेली असते. वरून हात लावला की भिंत कोरडी लागते, आत मात्र ओलीच. नऊ इंची विटेची भिंत पुरती वाळायला आठवडे नाही, महिने लागतात. त्यात आपल्याकडे सप्टेंबरपर्यंत हवाच दमट. खरं वाळवण ऑक्टोबरच्या उन्हात सुरू होतं. तोवर खिडक्या उघड्या ठेव, पंखे लाव, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून सपाट कर आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसव. एक दिवस तशीच राहू दे. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, रंगवाला काहीही म्हणो. सणासाठी घर अगदीच उदास वाटत असेल तर चुन्याची सफेदी दे. चुन्यातून ओल बाहेर पडते. ऑइलपेंट किंवा लांबी ओल आत कोंडते आणि मग लोणा फुटतो.

आता गिलावा. ठेकेदार आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'मॅडम, सगळंच काढावं लागेल.' लगेच हो म्हणू नकोस गं. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करत जा. पोकळ आवाज येतो तिथला गिलावा सुटलाय, तेवढाच काढायचा. सिमेंटचा गिलावा बहुतेक वेळा तग धरतो. जिप्सम, पीओपी आणि लांबी मात्र भिजली की मऊ पडते, ती काढावीच लागते. आणि हिशेब तुझा तू कर, त्याच्या आकड्यावर विसंबू नकोस. बघ, दहा बाय बाराची खोली म्हणजे चारही भिंतींची मिळून लांबी ४४ फूट. चार फूट उंचीपर्यंतचा गिलावा गेला असं धरलं तर १७६ चौरस फूट. तोडून, राडारोडा उचलून नवा करायला समज ७० रुपये फूट सांगितले, तर बारा हजार तीनशेच्या आसपास. तीच खोली दहा फूट उंचीपर्यंत रंगवायची तर ४४० चौरस फूट, २० रुपयांनी आठ हजार आठशे. तुमच्या गावचा दर विचारून यात घाल. दारं-खिडक्यांची जागा वजा करायला लाव. अशी मापं घेऊन बसलीस ना, की 'सगळ्या घराचे मिळून दोन लाख' म्हणणारा माणूस आपोआप नीट बोलायला लागतो. मोघम आकड्याला कधी होकार द्यायचा नाही. गिलावा, रंग, वीज, सुतारकाम, प्रत्येकाचा दर वेगळा लिहून घ्यायचा. आगाऊ रक्कम थोडी द्यायची आणि बाकीची कामाप्रमाणे.

विजेत मात्र एक पैसा वाचवू नकोस. इथे मी दटावूनच सांगणार. मेन स्विचला ओल्या घरात स्वतः हात लावायचा नाही, मीटर भिजलं असेल तर महावितरणला कळवायचं. इलेक्ट्रिशियनला सांगायचं की पाण्याखाली गेलेला प्रत्येक बोर्ड उघड, स्विच-सॉकेट बदल, एमसीबी भिजल्या असतील तर नव्या घाल. भिंतीतल्या पाइपात पाणी साचून राहतं, म्हणून वायरींना मेगर म्हणजे तपासणीचं यंत्र लावून बघितल्याशिवाय वीज चालू करू द्यायची नाही. आणि हेच काम करताना खालचे पॉइंट वर घ्यायचे. भिंत उघडलेली असतानाच हे स्वस्तात होतं. शॉक जिवावर बेतायच्या आत वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घे, त्याला दोन-अडीच हजार लागले तरी दे. गॅसचा सिलिंडर, रेग्युलेटर, नळी एजन्सीच्या माणसाकडून तपासून घे. वास आला तर १९०६ वर फोन कर.

फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर यांचं 'चालतंय का बघू' म्हणून बटण दाबायचं नाही हं. चिखलासकट वीज दिली की दुरुस्त होणारी वस्तूही कायमची जाते. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंदिस्त असतो, त्यामुळे तो पुष्कळदा वाचतो. वॉशिंग मशीनमध्ये मोटर आणि सर्किटचं कार्ड जातं. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली आणि वस्तू सात-आठ वर्षांची असली तर तिच्यावर जीव अडकवू नकोस. कापसाच्या गाद्या-उशाही टाक. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, पिंजून घेतल्या तरी त्या घरात नकोत. सासूबाई हळहळतील, पण ऐकू नकोस. पैठणी आणि जरीच्या साड्या मात्र वाचतात. स्वच्छ पाण्यातून अलगद काढायच्या, पिळायच्या नाहीत, सावलीत पसरायच्या. भिजलेल्या नोटाही फेकू नकोस, बँकेत बदलून मिळतात.

गाळ ओला आहे तोवरच काढायचा, वाळला की तो खरवडावा लागतो आणि मजुरी वाढते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर तिथे घराघरांतून गाळ उपसण्यातच कितीतरी दिवस गेले. शेजारच्या चार घरांनी मिळून एक टँकर आणि दोन मजूर घेतले तर प्रत्येकीचा खर्च बराच कमी होतो, हे तू आजच जमव. गाळात उतरताना गमबूट आणि हातमोजे घाल. पायाला जखम असेल तर डॉक्टरला दाखवून लेप्टोच्या गोळ्यांचं विचार, मनाने काही घेऊ नकोस. फरशी धुवायला ब्लीचिंग घेतलंस तर त्यात अ‍ॅसिड किंवा दुसरं काही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. टाकी आणि विहीर टीसीएल पावडर टाकून स्वच्छ झाल्याशिवाय ते पाणी पिण्याला वापरायचं नाही.

पण थांब, गाळ काढण्याआधी फोटो काढलेस ना? प्रत्येक खोलीचा, पाण्याची रेघ दिसेल असा, आणि प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबरसकट. पंचनामा होईपर्यंत चिखलात बसून राहायची गरज नाही, पण पुरावा ठेवल्याशिवाय एकही वस्तू बाहेर टाकायची नाही. तलाठी, ग्रामसेवक किंवा नगरपालिकेची माणसं येतात तेव्हा घरात कुणीतरी मोठं माणूस हवं. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, घरपट्टीची पावती एका पिशवीत ठेव. पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नकोस, आणि त्याचा फोटो काढून ठेव.

सरकारी मदतीची रक्कम किती, हे आधीच कळलेलं बरं. नाहीतर माणूस त्या भरवशावर ठेकेदाराला शब्द देऊन बसतं. २०२१ च्या पुरानंतर राज्याने कुटुंबामागे दहा हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केलं होतं. घर पूर्ण पडलं तर दीड लाख, निम्मं पडलं तर पन्नास हजार, आणि किमान पंधरा टक्के पडझडीला पंधरा हजार. दर वेळचा शासन निर्णय वेगळा असतो, तो तहसील कार्यालयात विचार. पण बघ, तुझ्यासारख्या घरात भिंती उभ्या असतात आणि आतलं सगळं गेलेलं असतं. अशा घराला पडझडीचे पैसे फारसे मिळत नाहीत. ही मदत म्हणजे गाळ काढण्याचे आणि भांड्याकुंड्यांचे पैसे, एवढंच धरून चाल. याबद्दल मला फार वाईट वाटतं. खोल्या उभ्या दिसतात म्हणून नुकसान थोडं, असं कागद म्हणतो. स्वयंपाकघर नव्याने उभं करणाऱ्या बाईला विचारावं.

आता विम्याचं. नको म्हणू नकोस, ऐक. घराचं कर्ज आहे ना तुमचं? मग कर्जाची फाइल काढ. पुष्कळदा बँकेने कर्ज देतानाच घराचा विमा काढलेला असतो आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. तो बहुधा फक्त बांधकामाचा असतो, सामानाचा नसतो, पण गिलावा, फरशी, वायरिंग त्यात येऊ शकतं. सापडला तर कंपनीला आजच कळव आणि दाव्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत दे. त्यांचा सर्वेअर येऊन जाईपर्यंत काही तोडायचं नाही, आणि सफाईच्या, टँकरच्या, मजुरीच्या पावत्या सही-तारखेसह घ्यायच्या. दावा नाकारला किंवा फारच कापला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. त्यानेही भागलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. त्यांचं कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे, आणि तक्रारीला एक रुपया लागत नाही.

विमा नसेलच, तर पुढच्यासाठी सांगते. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकावी लागते, आणि तिच्यात पुराचं नुकसानही येतं. रक्कम ठरते ती घराच्या बाजारभावावर नाही, बांधकामाच्या खर्चावर. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घराला २,००० रुपये फुटाने बारा लाख. त्याच्या वीस टक्के, म्हणजे दोन लाख चाळीस हजार, सामानासाठी यादी न देताही धरले जातात. त्या वीस टक्क्यांना दहा लाखांची मर्यादा आहे. घर राहण्याजोगं नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचीही त्यात सोय आहे. एका मिक्सरच्या दुरुस्तीवर कुरकुर करणारी आपण माणसं, आणि घराचा विमा मात्र 'बघू नंतर' म्हणून वर्षानुवर्षं राहतो.

थंडीनंतर काम काढशील तेव्हा पाणी पुन्हा येणार असं धरूनच काढ. खालच्या ट्रॉल्या पार्टिकल बोर्डच्या अजिबात नकोत, पाणी लागलं की फुगून त्यांचा भुगा होतो. कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या मांडण्या कर. दिसायला साध्या असतात, पण धुतल्या की झालं. जुनं सागवानी कपाट असेल तर ते टाकू नकोस, सावलीत वाळव, पॉलिश करून पुन्हा उभं राहील. कागदपत्रं, दागिने आणि इन्व्हर्टर माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर. पैशाची अडचण आली तर बँकेत जाऊन हप्ते पुढे ढकलून मागा. आपत्तीनंतर बँकांना तशी मुभा असते, पण अर्ज आपणच द्यावा लागतो. सावकाराच्या दारात मात्र पाय ठेवायचा नाही, नवऱ्यालाही सांग.

तर आत्ता असं कर. रंगवाल्याला फोन करून सांग, संक्रांतीनंतर ये. आगाऊ पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. मग कर्जाची फाइल काढ, आणि त्यात काय सापडतं ते मला रात्री कळव. फोन उशाशी घेऊनच झोपणार आहे मी.