खोडकिडा आणि ठिपक्याएवढी माशी

मुलांनो, गणपतीच्या सुमारास भाताच्या खाचरात शिरलात तर हिरव्या चुडात मधेच एखादा पोंगा सुकलेला दिसतो. ओढला की अलगद हातात येतो. बुडाशी पाहा, कुरतडल्याची खूण असते. याला गाभेमर म्हणतात. भात निसवल्यावर हीच कीड लागली तर लोंबी पांढरीफटक उभी राहते आणि आत दाणाच भरत नाही. ते पळींज. दोन्ही कामं एकाच अळीची, खोडकिड्याची.

आमचं शेत पडघ्याच्या बाजूला. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा एका वर्षी इतकं पळींज पडलं की झोडणीला उत्साहच राहिला नाही. आबांनी उसने पैसे काढून औषध आणून फवारलं होतं. पण तोवर अळी खोडात शिरलेली! औषध बाहेरच राहिलं. खाचरातले मासे आणि खेकडे मात्र मेले. आबा बांधावर बसून म्हणाले, "चोर घरात बसला नि मार शेजाऱ्याला पडला." वर्षभर विकतचा तांदूळ खावा लागला, तो अजून आठवतो.

मग या अळीला गाठायचं कधी? खोडात शिरण्याआधी, म्हणजे ती अंड्यात असताना. खोडकिड्याचा पिवळा पतंग पानाच्या टोकाजवळ पुंजक्याने अंडी घालतो आणि वर भुऱ्या केसांचं पांघरूण घालतो. साधारण आठवड्याने अळ्या निघतात. एवढाच काय तो वेळ आपल्या हाती.

या वेळात आपलं काम करणारी एक माशी आहे. तिचं नाव ट्रायकोग्रामा. आहे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, पण आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. पेन्सिलीने ठिपका काढा, तेवढी! चावत नाही, डसत नाही. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतला गर खाऊन वाढतं. तीन-चार दिवसांत ते अंडं काळं पडतं आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून अळीऐवजी नवी माशी बाहेर येते. आहे की नाही गंमत?

पण एक घोटाळा होता. तो समजायला खाचरातून थोडा वेळ बंगळूरला जाऊ. तिथे 1957 साली राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचं भारतातलं केंद्र सुरू झालं. किडींवर त्यांचे शत्रूच सोडायचे, हे त्यांचं काम. त्या केंद्रात डॉ. सुधा नागरकट्टी या कीटकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी एच. नागराजा ट्रायकोग्रामावर काम करत होते. या माशीच्या जाती पुष्कळ, आणि दिसायला सगळ्या सारख्या. रंगावरून ओळखावं तर थंडीत वाढलेली माशी काळपट होते आणि उन्हाळ्यातली पिवळी. आपल्या वर्गात एकाच नावाची दोन मुलं आहेत, तर हजेरीला किती गोंधळ होतो! इथे तर चेहराही एकच.

त्यांनी दोन वाटा काढल्या. एक, नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या अतिबारीक अवयवाची ठेवण सूक्ष्मदर्शकातून तपासायची. ती जातीजातीत वेगळी असते. 1971 साली त्यांनी हे सविस्तर छापलं. दुसरी वाट मला फार आवडते. दोन ठिकाणच्या नर-मादीची जोडी लावून पाहायची. या माशीत जोडी जमली नाही तरी मादी अंडी घालते, पण त्यातून नुसते मुलगेच निघतात. मुली निघाल्या की समजावं, जोडी जमली, जात एक. भारतात वर्षानुवर्षं जिला ऑस्ट्रेलिकम म्हणत होते ती खरी चिलोनिस, हे त्यांनीच 1979 मध्ये दाखवलं.

नावात एवढं काय आहे, असं वाटेल. चिलोनिस ऊस, कापूस, टोमॅटोवरच्या किडींसाठी सोडतात. भाताच्या खोडकिड्याला लागते जापोनिकम. नाव चुकलं तर माश्या पाळण्याची सगळी मेहनत भलत्याच शेतात जायची. नागरकट्टीबाई पुढे अमेरिकेत गेल्या, तिथेही हीच माशी. पेनसिल्व्हेनियातल्या द्राक्षमळ्यांत तिकडचीच एक जात सोडून पाहिली, त्यावरचा निबंध 2003 सालचा आहे. एका ठिपक्यापायी एवढी वर्षं!

आता ही माशी कार्डावर मिळते. तांदळातल्या पतंगाची सुमारे 20,000 अंडी कार्डावर चिकटवलेली असतात आणि त्यांत माशीची पिल्लं. भाताला हेक्टरी साधारण लाखभर, तीही आठवड्या-आठवड्याने पुन्हा.

मीही एकदा कार्डं आणली. शनिवार होता. पिशवी खुंटीला टांगली, म्हटलं सोमवारी लावू. सोमवारी पाहतो तर माश्या पिशवीतच निघून मेलेल्या, शिवणीत काळी भुकटी. आबा म्हणाले, "पाहुणे बोलावलेस नि दार लावून घेतलंस!" पुढच्या वर्षी आणल्या दिवशीच संध्याकाळी पट्ट्या कापून पानांच्या खालच्या अंगाला टाचल्या आणि औषध फवारलं नाही. पळींज गेलं असं म्हणणार नाही, कमी पडलं. मुसळधार पावसात या माश्यांचं फारसं चालत नाही, आणि आपल्याकडे पाऊस कसा असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून आम्ही लावणीआधी रोपांच्या मुठींचे शेंडेही खुडतो. शेंड्यांबरोबर अंडीही जातात.

करून पाहा : पानावर भुऱ्या केसांचा पुंजका दिसला तर पानाच्या तुकड्यासकट काचेच्या बाटलीत ठेवा. तोंडाला घट्ट विणीचं कापड दुहेरी बांधा, विरळ कापडातून ही माशी निसटते. आपल्या भिवंडीत कापडाला तोटा नाही. रोज भिंगातून पाहा आणि अळ्या किती, माश्या किती ते तारीख घालून वहीत लिहा. अळ्या निघाल्या तर बाटली शेतात रिकामी करू नका, माझ्याकडे आणा.