‘काइंडनेस’ ह्या शब्दाचा अर्थ

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस ‘काइंडनेस’ हा शब्द फार लवकर भेटतो, आणि कोशांत ‘दया’ असा अर्थ सांपडला म्हणजे ते पुढें जातात. अर्थ खोटा नाहीं, पण अपुरा आहे. दया बहुधा वरून खालीं उतरते. सावकार ऋणकोवर दया करितो, ऋणको सावकारावर करीत नाहीं. ‘काइंडनेस’चें मूळ निराळें आहे.

इंग्रजींत ‘किन्’ म्हणजे कूळ, सगेसोयरे. ‘काइंड’ हा त्याच घराण्यांतला शब्द. त्याचा जुना अर्थ जन्मजात, स्वाभाविक असा होता. दुसऱ्याचें हित करणारा हा अर्थ इ. स. १३०० च्या सुमारास रूढ झाला. ‘काइंड’ म्हणजे ‘प्रकार’ असाही अर्थ आहे, व शिकणारे येथेंच गोंधळतात. इंग्लंडांतील मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकांत भूमीच्या पिकास ‘काइंडली’ असें विशेषण लाविलें आहे. पीक दयाळू आहे असें तेथें म्हणावयाचें नाहीं. ज्या त्या जातीप्रमाणें आलेलें पीक, इतकेंच. तसेंच ‘इन काइंड’ देणें म्हणजे रोकड न देतां जिन्नस देणें. खळ्यावर बलुतें मिळत असे तें ‘इन काइंड’ होय. ह्यांत दयेचा संबंध नाहीं. (बलुतें मागतांना कित्येकांस दयेची भाषा बोलावी लागे, ती गोष्ट निराळी.)

तेव्हां ‘काइंडनेस’ म्हणजे दुसऱ्यास आपल्या कुळांतला समजून त्याच्या उपयोगीं पडणें. मराठींत ‘आपुलकी’ हा शब्द ह्याच्या फार जवळ आहे. मात्र आपुलकी नुसती मनांतही राहूं शकते. ‘काइंडनेस’ हातून घडावी लागते.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा नववा अध्याय पाहा. तेथील ‘हेसेद’ ह्या इब्री शब्दास १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत ‘काइंडनेस’ हाच शब्द घातला आहे. मफीबोशेथ दोन्ही पायांनीं लंगडा, पडलेल्या राजघराण्यांतला, भीत भीत आलेला. दावीदानें त्यास कांहीं पायल्या धान्य देऊन वाटेस लाविलें असतें, तरी लोकांनीं त्यास दयाळूच म्हटलें असतें. पण त्यानें आज्याची जमीन परत दिली, ती कसावयास माणसें लावून दिलीं, आणि त्यास राजपुत्रांप्रमाणें आपल्या पंक्तीस बसविलें. पंक्तीस बसविणें हें आमच्या वाचकांस अधिक समजावून सांगावयास नको.

दावीदानें योनाथानास वचन दिलें होतें. ‘हेसेद’ शब्दांत प्रीतीबरोबर असें इमानही येतें. म्हणूनच कीं काय, माइल्स कव्हरडेल ह्यांनीं १५३५ च्या आपल्या इंग्रजी शास्त्रांत ‘लव्हिंग काइंडनेस’ असा जोडशब्द योजिला.

जेथें वचन नाहीं व नातेंही नाहीं तेथें काय? प्रेषितांच्या कृत्यांत २७६ माणसांचें गलबत माल्टा बेटापाशीं फुटलें. बेटावरील लोकांनीं पाऊस व थंडी पाहून शेकोटी पेटविली व सर्वांस जवळ घेतलें. लूक येथें ‘मनुष्यप्रीति’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द वापरतो. इंग्रजींत तेथेंही ‘काइंडनेस’च आहे. पाहुणे कोण, कोठले, ही चौकशी मागून झाली असेल. विस्तव आधीं पेटला. कित्येक गांवीं परका आजारी दारीं आला म्हणजे प्रथम त्याची मंडळी कोणती हें विचारितात. त्यास कोणत्याही भाषेंत ‘काइंडनेस’ म्हणतां येणार नाहीं.

वापराविषयीं थोडेंसें. ‘अ काइंडनेस’ असें एकवचनीं म्हटलें म्हणजे एक उपकार. अर्जांत ‘काइंडली’ म्हणजे ‘कृपा करून’. तो शब्द एकदां पुरे, तीन ओळींत चारदां नको. आणि वरिष्ठांच्या पत्रांत ‘काइंडली जबाब पाठवा’ असें आलें, तर तो हुकूम समजून त्याच टपालानें उत्तर द्यावें.